गाळाचा वक्र ७५ मायक्रॉनपाशी का तुटतो? नदीच्या गाळाच्या कणमापनातील नेहमीच्या अडचणीचे निवारण

नदीच्या गाळाचे कणमापन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकापुढे एक अडचण पुन्हा पुन्हा येते. गाळाचा भरड भाग चाळण्यांनी मोजला जातो, बारीक भाग हायड्रोमीटरने (पाण्याची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काचनळीने) किंवा पिपेटने (ठरावीक खोलीवरचे पाणी खेचून घेणाऱ्या नळीने) मोजला जातो, दोन्हींची टक्केवारी एकाच आलेखावर मांडली जाते, आणि ७५ मायक्रॉनच्या रेषेपाशी वक्राचे दोन तुकडे एकमेकांना मिळतच नाहीत. कधी तेथे उभी पायरी पडते, तर कधी वक्र बराच वेळ आडवा धावून मग एकदम कोसळतो. त्याच पिशवीतील गाळ दुसऱ्या प्रयोगशाळेत लेझर यंत्रावर दिला, तर चिकणमातीचे प्रमाण तिसरेच निघते. अशा वेळी बहुतेक जण यंत्राला दोष देतात किंवा हाताने एक गुळगुळीत रेघ ओढून पायरी झाकून टाकतात. या दोन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण वक्र कोणत्या बाजूला आणि कोणत्या आकारापाशी तुटला आहे, यातच त्याच्या तुटण्याचे कारण बहुधा दिसत असते.

नागपूर परिसरातील नमुन्यांमध्ये ही अडचण विशेष जाणवते, आणि त्याला येथील भूगर्भाची ठेवण कारणीभूत आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आणि त्यावरची काळी माती आहे. उत्तरेला आणि पूर्वेला नाइस, शिस्ट आणि सौसर गटाचे पुरातन खडक आहेत. कामठीच्या बाजूला गोंडवाना काळातील वालुकाश्म आहे. छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावणारी कन्हान, तिला मिळणारी पेंच, शहराचे सांडपाणी वाहून आणणारी नाग नदी, या सगळ्यांचा माल अखेर एकाच पात्रात येतो. त्यामुळे कन्हानच्या रेतीची एखादी पिशवी उघडली तर क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे कण, अभ्रकाचे पापुद्रे, बेसाल्टचे काळे तुकडे, चुनखडीचे खडे आणि काळ्या मातीची चिकणमाती हे सर्व एकत्र सापडू शकते. प्रत्येक मापनपद्धत यांतील कोणत्या ना कोणत्या घटकापाशी अडखळते, आणि प्रत्येकीचे अडखळणे वेगळ्या दिशेने असते.

हे असे का होते, हे समजण्यासाठी प्रत्येक पद्धत नेमके काय मोजते ते आधी लक्षात घ्यावे लागते. चाळणी कणाची लांबी मोजत नाही आणि वजनही मोजत नाही. कण ज्या चौकोनी छिद्रातून उभा होऊन निसटू शकतो त्या छिद्राचे माप ती देते, आणि हे माप मुख्यतः कणाच्या मधल्या अक्षावर अवलंबून असते. हायड्रोमीटर आणि पिपेट कणाचा पाण्यात बसण्याचा वेग मोजतात आणि स्टोक्सच्या नियमाने त्या वेगाला व्यासात रूपांतरित करतात; त्या रूपांतरात कण गोल आहे आणि त्याची घनता आपण गृहीत धरली तेवढीच आहे, असे मानलेले असते. लेझर यंत्र कणाने विखुरलेल्या प्रकाशाच्या आकृतीवरून आकाराचा अंदाज करते आणि टक्केवारी वजनाची नव्हे, आकारमानाची देते. गोल आणि समान घनतेच्या काचेच्या मण्यांवर या तिन्ही पद्धती जवळजवळ एकच उत्तर देतील. कन्हानचा गाळ म्हणजे काचेचे मणी नव्हेत.

कारणांच्या मागे लागण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी, कारण पुष्कळदा वक्र तुटण्याचे मूळ तेथेच सापडते.

पहिली गोष्ट गणिताची आहे. हायड्रोमीटरमध्ये गेलेला गाळ हा ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली उतरलेला भाग असतो, संपूर्ण नमुना नव्हे. समजा संपूर्ण कोरड्या नमुन्याचा १२ टक्के भाग त्या चाळणीतून उतरला आणि हायड्रोमीटरच्या हिशेबात त्यातील ४० टक्के भाग २ मायक्रॉनपेक्षा बारीक निघाला, तर संपूर्ण नमुन्यातील चिकणमाती ४० टक्के नसून ४.८ टक्के आहे. हा गुणाकार राहून गेला की आलेखावर भली मोठी पायरी उभी राहते, आणि मग तिचे कारण लोक पाण्यात आणि यंत्रात शोधत बसतात.

दुसरी गोष्ट सीमांची आहे. भूशास्त्रज्ञ वाळू आणि पोयटा (सिल्ट, म्हणजे वाळू आणि चिकणमाती यांच्या मधल्या आकाराचा गाळ) यांची सीमा ६३ मायक्रॉनला मानतात. ती वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या श्रेणीवरून आलेली आहे. स्थापत्य अभियंते भारतीय मानकांप्रमाणे ७५ मायक्रॉन धरतात. अमेरिकी पद्धत अनुसरणारे मृदाशास्त्रज्ञ ५० मायक्रॉन वापरतात. चिकणमातीची वरची सीमा अभियंते आणि मृदाशास्त्रज्ञ २ मायक्रॉनवर ठेवतात, तर वेंटवर्थ श्रेणीत ती सुमारे ४ मायक्रॉनवर आहे. केंद्रीय जल आयोगाच्या तरंगत्या गाळाच्या नोंदींमध्ये ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठा तो भरड, ०.२ ते ०.०७५ मिलिमीटर तो मध्यम आणि त्याखालचा तो बारीक, अशी वेगळीच विभागणी असते. या सर्वांची कार्यालये आणि विभाग नागपुरात एकमेकांपासून काही किलोमीटरवर असल्यामुळे एकाच नदीचे आकडे वेगवेगळ्या मापांनी लिहिलेले हाती येतात. दोन अहवालांतील ‘वाळू’ किंवा ‘चिकणमाती’ यांचे टक्के थेट शेजारी न मांडता आधी मूळ वक्र मागवावा आणि दोन्हींवर एकच सीमा लावून टक्के नव्याने वाचावेत.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या वाटणीची. चिवड्याच्या डब्यात जसा चुरा तळाशी जातो तशी पिशवीतील बारीक रेती वाहतुकीत खाली बसते, आणि वरून चमच्याने काढलेला नमुना संपूर्ण पिशवीचा प्रतिनिधी राहत नाही. कोरड्या रेतीसाठी खाचांची वाटणी-पेटी वापरावी, किंवा ढीग करून त्याचे चार भाग पाडावेत आणि समोरासमोरचे दोन भाग घ्यावेत. याची पडताळणी सोपी आहे: एकाच पिशवीतून दोन वाटण्या काढून दोन्ही एकाच पद्धतीने, एकाच माणसाने मोजाव्यात. या दोन वाटण्यांमधील फरक जर दोन पद्धतींमधील फरकाएवढाच असेल, तर दोष वाटणीत आहे आणि पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही.

आता मुख्य कारणाकडे येऊ. आपल्याकडील नमुन्यांमध्ये वक्र तुटण्याचे सर्वांत सामान्य कारण, माझ्या मते, भट्टीत वाळवलेली काळी माती हे आहे. काळ्या मातीतील चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट गटाची असते. ती पाणी सोडताना आकसते आणि १०५ अंश सेल्सिअसवर वाळली की तिच्या बारीक कणांच्या घट्ट गुठळ्या होतात. या गुठळ्या चाळणीच्या हादऱ्यांनी फुटत नाहीत. त्या १५० किंवा ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर वाळू म्हणून राहतात आणि वजनात वाळू म्हणूनच धरल्या जातात. परिणामी वक्राचा भरड भाग फुगतो, बारीक भाग कमी दिसतो, आणि जी काही चिकणमाती खाली उतरली तिचेच विश्लेषण हायड्रोमीटरमध्ये होते.

याची खातरजमा करण्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. १५० मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेला चिमूटभर माल पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत घ्यावा, दहापट भिंगाखाली पाहावा, मग त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून काही मिनिटे थांबावे आणि बोटाच्या टोकाने हलकेच दाबावे. क्वार्ट्झचा कण बोटाखाली करकरतो आणि बशीवर सरकतो. बेसाल्टचा तुकडा काळा असला तरी तसाच करकरतो आणि पाणी स्वच्छ ठेवतो. गुठळी मात्र पाणी पिऊन सैल पडते, दाबताच पसरते आणि बशीवर तपकिरी किंवा काळपट ओघळ सोडते. कोरड्या स्थितीत भिंगातून बेसाल्टचा तुकडा आणि गुठळी यांत फसगत होण्याचा संभव मोठा आहे, म्हणून पाण्याचा थेंब टाळू नये. चाळणीवरील मालात अशा ओघळणाऱ्या कणांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके असेल तर चाळणीचे सर्व आकडे बाजूला ठेवून नव्या वाटणीपासून सुरुवात करावी; गुठळ्या खलबत्त्यात कुटून पुन्हा चाळणे हा उपाय नव्हे, कारण त्यात कुजके फेल्डस्पार आणि वालुकाश्माचे मूळ कणही फुटतात.

नव्या वाटणीला भट्टी दाखवू नये. ओलसर नमुन्याचे दोन भाग करावेत. एक छोटा भाग वाळवून त्यातील पाण्याचे प्रमाण काढावे, म्हणजे मोठ्या भागाचे कोरडे वजन न वाळवताच हिशेबाने मिळते. मोठा भाग सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि सोडियम कार्बोनेट यांच्या, चिकणमातीचे कण विखुरणाऱ्या द्रावणात रात्रभर भिजत ठेवावा. भारतीय मानक २७२० च्या चौथ्या भागात दिलेले प्रमाण एक लिटर पाण्यात ३३ ग्रॅम हेक्झामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम कार्बोनेट असे आहे. दुसऱ्या दिवशी तो ढवळून ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर मंद धारेखाली, खालून येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत, धुवावा. चाळणीवर राहिलेली वाळू आता खुशाल वाळवून कोरड्या चाळण्यांच्या संचातून चाळावी. तिच्यात बांधणारी चिकणमाती उरलेली नसते. धुतलेले पाणी फेकू नये, त्यातच पुढचे हायड्रोमीटरचे विश्लेषण आहे.

चाळण्यांच्या संचाविषयी थोडक्यात. वीस सेंटिमीटर व्यासाच्या बारीक चाळणीवर एकदम फार माल टाकला तर जाळीपर्यंत पोहोचण्याची संधीच अनेक कणांना मिळत नाही आणि वाळू आहे त्यापेक्षा भरड दिसते. बारीक चाळण्यांवर काही डझन ग्रॅमपेक्षा अधिक माल साचत असेल तर तो दोन हप्त्यांत चाळावा. यंत्रावर दहा ते पंधरा मिनिटे हादरवल्यानंतर प्रत्येक चाळणी पांढऱ्या कागदावर आणखी एक मिनिट हाताने हलवून पाहावी. त्या चाळणीवर उरलेल्या मालाच्या एक टक्क्याहून अधिक माल खाली पडला तर वेळ अपुरा आहे. याउलट ७५ मायक्रॉनखाली अचानक फार माल येऊ लागला, तर जाळी कडेच्या सांध्यापाशी फाटली आहे का, हे उजेडासमोर धरून पाहावे. घट्ट ब्रशने अडकलेले कण उकरून काढण्याची सवय या फाटण्याला बहुतेक जबाबदार असते. सर्व चाळण्यांवरील वजनांची बेरीज मूळ वजनापेक्षा एक टक्क्याहून अधिक कमी भरली तर माल कोठेतरी सांडला आहे किंवा धुळीत गेला आहे, आणि तो आकडा टक्केवारीत वाटून टाकणे योग्य नाही.

गुठळ्या नाहीत, गणित बरोबर आहे, चाळणी शाबूत आहे, आणि तरीही वक्र तुटतो, असे असेल तर कणांच्या घडणीकडे वळावे. अभ्रकाचा पापुद्रा चाळणीवर सपाट पडून राहतो आणि २०० मायक्रॉनच्या क्वार्ट्झ कणाबरोबर मोजला जातो. तोच पापुद्रा पाण्यात मात्र पानासारखा डोलत, त्याहून कितीतरी बारीक क्वार्ट्झ कणाच्या वेगाने खाली येतो. म्हणजे चाळणीच्या लेखी तो वाळू आहे आणि बसण्याचा वेग मोजणाऱ्या पद्धतीच्या लेखी बारीक वाळू किंवा पोयटा. याच्या उलट टोकाला मॅग्नेटाइट आहे. बेसाल्टमधून सुटणाऱ्या या खनिजाची घनता पाण्याच्या सुमारे ५.२ पट असल्यामुळे, स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला तर ५० मायक्रॉनचा मॅग्नेटाइटचा कण जवळपास ८० मायक्रॉनच्या क्वार्ट्झ कणाच्या वेगाने बसतो. अभ्रक हायड्रोमीटरच्या उत्तराला बारीक बाजूला ओढते, मॅग्नेटाइट भरड बाजूला.

दोन्हींचे प्रमाण अजमावणे अवघड नाही. कोरडी वाळू गुळगुळीत कागदावर पातळ पसरून कागद हळूहळू तिरपा करावा आणि खालून टिचकी मारत राहावे; गोलसर कण घरंगळून जातात आणि अभ्रकाचे चमकते पापुद्रे कागदाला धरून राहतात. मॅग्नेटाइटसाठी लोहचुंबक कागदाच्या पिशवीत गुंडाळून वाळूवरून फिरवावे; उघडे चुंबक वापरले तर त्याला चिकटलेला माल सुटता सुटत नाही. ही दोन्ही वजने एकूण वाळूच्या एक-दोन टक्क्यांच्या आत असतील तर त्यांना विसरून जावे. अधिक असतील तर त्यांचे प्रमाण अहवालात स्वतंत्र लिहावे आणि दोन पद्धतींचे आकडे जुळवण्याचा हट्ट सोडावा. अशा गाळासाठी दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत: पूल किंवा काँक्रीट यांच्या कामासाठी चाळणीचे उत्तर उपयोगी, आणि गाळ नदीत कसा वाहतो याच्या अभ्यासासाठी बसण्याच्या वेगाचे.

बारीक भागात चिकणमाती अपेक्षेपेक्षा कमी निघते, तेव्हा सर्वप्रथम उंच काचपात्राकडे नुसत्या डोळ्यांनी पाहावे. नीट विखुरलेल्या गाळाचे पाणी वरपासून खालपर्यंत गढूळ असते आणि गढूळपणा वरून हळूहळू विरत जातो. अर्ध्या तासात वर स्वच्छ पाण्याचा थर आणि त्याखाली ठळक रेषा दिसू लागली, आणि काचेला भिंग लावल्यावर पाण्यात कापसाच्या पुंजक्यांसारखे गोळे खाली जाताना दिसले, तर कण एकमेकांना चिकटत आहेत. अशा पात्रातील एकही वाचन नोंदवण्याच्या लायकीचे नाही. याची कारणे सामान्यतः तीन असतात. नळाचे किंवा विहिरीचे जड पाणी वापरले गेले असेल, तर त्यातील कॅल्शियम चिकणमातीला बांधते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. हेक्झामेटाफॉस्फेटचे द्रावण जुने झाले असेल, तर ते पाण्यात हळूहळू साध्या फॉस्फेटमध्ये बदलते आणि त्याची शक्ती जाते. बाटलीवर तारीख लिहावी आणि महिन्याभराने नवे करावे. तिसरे कारण आम्लप्रक्रियेशी जोडलेले आहे, आणि त्याचा विचार पुढे येईल.

पुंजके नाहीत आणि तरी चिकणमाती कमी, असे झाल्यास तापमान पाहावे, आणि नागपुरात हे कारण एप्रिल ते जूनमध्ये हमखास तपासावे. घनता २.६५ धरली तर २ मायक्रॉनच्या कणाला दहा सेंटिमीटर खाली उतरायला २० अंशांच्या पाण्यात सुमारे ७ तास ४४ मिनिटे लागतात. पाणी ३० अंशांचे असेल तर सुमारे ६ तास ९ मिनिटे, आणि ३५ अंशांचे असेल तर सुमारे ५ तास ३३ मिनिटे. परदेशी पुस्तकातील २० अंशांचा वेळ पाहून ३५ अंशांच्या पाण्यात पिपेट बुडवली, तर आपण २ मायक्रॉनऐवजी सुमारे १.७ मायक्रॉनखालचा माल काढत असतो. हायड्रोमीटरच्या बाबतीत आणखी एक भर पडते: भारतीय मानकांचा हायड्रोमीटर २७ अंशांवर अंशांकित असतो आणि अमेरिकी १५२-एच २० अंशांवर. पाणी तापले की विरळ होते आणि हायड्रोमीटर कमी वाचतो, त्यामुळे दोन्ही चुका एकाच दिशेने साचतात. सर्वांत वाईट परिस्थिती कूलरच्या खोलीत येते. दिवसा कूलर चालू, संध्याकाळी बंद, आणि चोवीस तासांचे वाचन दुसऱ्या दिवशी. या काळात पात्रातील पाणी किती अंश वरखाली झाले याचा हिशेब कोणीही लावू शकत नाही, शिवाय एका बाजूने तापणाऱ्या पात्रात पाण्याचे प्रवाह सुरू होतात ते निराळेच. सर्व पात्रे पाण्याच्या एका मोठ्या टाकीत मानेपर्यंत उभी ठेवावीत आणि प्रत्येक वाचनाबरोबर तापमान लिहावे. टाकी महाग पडत असेल तर पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा मोठा टब पुरतो.

याउलट चिकणमाती अवाजवी जास्त निघत असेल, आणि वक्राची शेपटी खाली न उतरता आडवीच राहत असेल, तर विखुरणाऱ्या द्रावणाचे वजन वजा करायचे राहिले आहे. वरील प्रमाणाच्या द्रावणाचे १०० मिलिलिटर एक लिटरच्या पात्रात घातले की त्यातून ४ ग्रॅम क्षार येतात. पात्रात ५० ग्रॅम गाळ असेल तर पिपेटच्या हिशेबात प्रत्येक आकाराच्या टक्केवारीत हे ८ टक्के फुकट मिसळतात. गाळाविना फक्त पाणी आणि द्रावण असलेले एक पात्र नेहमी शेजारी उभे ठेवावे आणि त्याचे वाचन दर वेळी वजा करावे.

नाग नदीच्या गाळात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात आणि ते काढल्याशिवाय कण सुटे होत नाहीत, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया आवश्यक ठरते. ती करताना फेस थांबला की सेंद्रिय भाग संपला, असे मानण्याची पद्धत आहे. मनसर, कांद्री, गुमगाव या मॅंगनीजच्या खाणींच्या बाजूने आलेल्या गाळाला हा नियम लावू नये. मॅंगनीज डायऑक्साइड हे पेरॉक्साइडचे विघटन करणारे उत्प्रेरक आहे. ते स्वतः खर्च होत नाही. त्यामुळे सेंद्रिय पदार्थ नावालाही नसताना पेरॉक्साइडच्या प्रत्येक नव्या मात्रेबरोबर पात्र पूर्वीच्याच जोमाने फसफसते, तापते आणि उतू जाऊ शकते. माल काळाच राहतो आणि फेस कमी होत नाही, एवढ्या दोन खुणांवरून ते ओळखावे, पेरॉक्साइडची मात्रा ठरवून तेथे थांबावे, आणि सेंद्रिय भागाचे प्रमाण वेगळ्या वाटणीवर जाळून काढावे. हे काम मोठ्या पात्रात, थोडे थोडे पेरॉक्साइड घालत, हातमोजे आणि चष्मा लावूनच करावे.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढून टाकण्याबाबत माझे मत काहीसे कडक आहे. काळ्या मातीतून सुटलेले चुनखडीचे खडे नदीने वाहून आणलेले असतील तर तेही गाळाचेच कण आहेत. ते आम्लात विरघळवून मोजलेली नदी ही प्रत्यक्षातील नदी नव्हे. कणांना एकमेकांशी बांधणारा चुन्याचा लेप असेल तरच आम्ल वापरावे, आणि वापरल्यास विरघळलेल्या चुन्याचे वजन स्वतंत्र नोंदवावे. पुंजक्यांचे तिसरे कारण येथेच आहे: आम्लप्रक्रियेनंतर पाण्यात कॅल्शियम मोकळे होते, आणि माल ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा धुतला नाही तर हेच कॅल्शियम चिकणमातीला पुन्हा बांधते. मग हेक्झामेटाफॉस्फेट कितीही घातले तरी पुरत नाही.

लेझर यंत्राचा निकाल पिपेटशी जुळत नाही, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. चिकणमातीचे कण चपटे असल्यामुळे प्रकाशाला ते मोठे दिसतात आणि यंत्र त्यांना पोयट्यात टाकते. १९९७ मध्ये कोनर्ट आणि व्हॅंडेनबर्ग यांनी दाखवले की पिपेटच्या २ मायक्रॉनशी तुलना करायची तर लेझरवर साधारण ८ मायक्रॉनची सीमा घ्यावी लागते. हा आकडा त्यांच्या नमुन्यांचा आहे. स्मेक्टाइटने भरलेल्या काळ्या मातीला तो तसाच लागू पडेल असे गृहीत न धरता, आपल्या काही नमुन्यांवर दोन्ही पद्धती चालवून स्वतःची सीमा ठरवावी. लेझरमध्ये जाणारा माल जेमतेम ग्रॅमभर किंवा त्याहून कमी असतो, म्हणून भरड वाळूच्या नमुन्यात एका वाटणीत मोठे चार कण जास्त आले तरी निकाल बदलतो. आणि वक्राच्या भरड टोकाला, जेथे माल असणे शक्यच नाही तेथे, लहानसा उंचवटा दिसला तर तो बहुधा हवेच्या बुडबुड्यांचा असतो. पाणी आधी उकळून थंड केले की तो नाहीसा होतो.

गोट्यांच्या पात्रात हे सारे प्रश्न बदलतात. तेथे चाळणीऐवजी १९५४ मध्ये वोलमन यांनी सुचवलेली शंभर गोटे मोजण्याची पद्धत वापरावी, आणि गोटा न पाहता बोटाला जो प्रथम लागेल तोच उचलावा, कारण पाहून उचलताना हात नकळत मोठ्या गोट्याकडे जातो. पिशवीत भरून आणायचे असेल तर वजनाचा विचार करूनच निघावे. सर्वांत मोठ्या गोट्याचे वजन संपूर्ण नमुन्याच्या एक टक्क्यापेक्षा अधिक नसावे, हा नियम धरला तर ६४ मिलिमीटरच्या एका गोट्यासाठी, ज्याचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या वर भरते, सुमारे ३६ किलो माल लागतो. दोन किलोच्या पिशवीतून काढलेला गोट्यांचा वक्र शोभेचा असतो.

वरील सर्व तपासण्यांनंतरही ७५ मायक्रॉनपाशी लहानशी पायरी राहिली, तर ती राहू द्यावी. त्या भागातील हायड्रोमीटरची पहिली एक-दोन वाचने ढवळण्याच्या खळबळीत घेतलेली असतात आणि त्यांच्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. शक्य असल्यास ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओली चाळण करून त्या मधल्या जागेत एक स्वतंत्र बिंदू मिळवावा. हायड्रोमीटरचा वक्र त्या बिंदूच्या वरून जातो की खालून, यावरून अभ्रक किंवा गुठळ्या यांपैकी कोणाचा संशय घ्यायचा हेही ठरते. अहवालात दोन्ही तुकडे वेगळ्या खुणांनी दाखवावेत आणि कोणता तुकडा कोणत्या पद्धतीचा आहे, गृहीत धरलेली घनता किती, पाण्याचे तापमान किती आणि कोणती पूर्वप्रक्रिया केली, हे आलेखाखालीच लिहावे.

ज्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे एकाच नदीचे नमुने येतात तेथे आणखी एक सोय करून ठेवता येते. पावसाळ्यानंतर पात्रातील एकाच ठिकाणचा, पुराच्या शेवटी बसलेला वरचा चिखलाचा थर बाजूला काढून, भरपूर गाळ आणावा, तो ओलसर स्थितीतच नीट मिसळून लहान बंद डब्यांत वाटून ठेवावा, आणि नव्या नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर त्यातील एक डबा त्याच रीतीने मोजावा. डब्यांतील गाळाचे आकडे एका वहीत तारखेप्रमाणे लिहीत गेल्यास, चाळणी फाटली, द्रावण जुने झाले किंवा नवीन माणसाने ढवळण्याची रीत बदलली, की त्या वहीतला आकडा प्रथम सरकतो. जुने हायड्रोमीटर बदलून लेझर यंत्र घ्यायचे ठरले, तर याच डब्यांवर दोन्ही पद्धती काही महिने समांतर चालवाव्यात, म्हणजे आधीच्या वर्षांच्या नोंदी नव्या नोंदींशी जोडण्याचा गुणक हाताशी राहतो. जुने यंत्र भंगारात गेल्यावर तो काढता येत नाही.